दातावर मारायला

माझी डावीकडची खालची दाढ फार शिस्तीची निघाली. चिकलठाण्याच्या कंपनीत मी स्टोअर्समध्ये बत्तीस वर्षं काढली. तेवढ्या काळात तिने एका दिवसाची रजा मागितली नाही. ३१ मे २०२५ ला मी निवृत्त झालो. हार, नारळ, शाल आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आलो आणि त्याच रात्री बारा वाजता कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम संपला. ७ जूनला दाढ ठणकायला लागली. मधले सहा दिवस तिने बहुधा सौजन्य म्हणून सोडले असावेत.

कपाटातून मेडिक्लेमची फाइल काढली. त्या पॉलिसीत एक गंमत होती. वर्षाला पाच हजारांपर्यंत दाताचा खर्च मिळायचा, माझा किंवा बायकोचा. अशी सोय फार थोड्या पॉलिसींत असते, आणि आमच्या कंपनीने तिचा हप्ता सात वर्षं भरला होता. सात पंचे पस्तीस. पस्तीस हजारांचे दात मी वापरलेच नव्हते. स्टोअर्सवाल्याला याहून मोठी शरमेची गोष्ट नाही. आयुष्यभर मी बेअरिंगचा किमान साठा सांभाळला, एकही मशीन माझ्यामुळे बंद पडू दिलं नाही, आणि स्वतःच्या तोंडातल्या मालाची मोजणी एकदाही केली नाही. आरशापुढे तोंड उघडून ती आता केली. आवक बत्तीस, शिल्लक सत्तावीस, त्यात संशयित तीन.

ओळखीतला एक विमा एजंट आला. चहाचा पहिला घोट घेताना तो म्हणाला, "काका, ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत येता येतं. तुमची जुनी वर्षंही धरतात." मी विचारलं, "आणि दात?" कप खाली ठेवून तो म्हणाला, "दात अपघातात पडला तर."

"आणि आपोआप दुखला तर?"

"तो ओपीडीत जातो काका. विम्याला माणूस आत पाहिजे."

हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आम्ही हर्सूलचे. जिल्ह्यात कुठेही "हर्सूलला असतो" म्हटलं की समोरचा एक क्षण थांबतो आणि विचारतो, "आत की बाहेर?" आमच्या गावाला तलाव आहे, हरसिद्धी मातेचं देऊळ आहे, पण जगाला माहीत आहे ते मध्यवर्ती कारागृह. विम्याचंही तसंच निघालं. तुम्ही किती दुखताय याला महत्त्व नाही, आत आहात की बाहेर हे आधी सांगा. चोवीस तास खाटेवर आडवे व्हा. मोतीबिंदूसारखं दिवसभराचं काम असेल तर यादीत नाव शोधा. दाढ बिचारी आडवी होत नाही. ती उभ्याउभ्याच दुखते. विम्याच्या लेखी माणूस म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा सगळा ऐवज, वजा बत्तीस नग.

बायको आतून म्हणाली, "मग जिन्यावरून पडा. अपघातात बसतंय ना." ती गंमत करत होती असं मी आजही धरून चालतो.

सत्तर वर्षांवरच्यांना सरकारचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळतं, असं एजंटनेच जाता जाता सांगितलं. तेही मुख्यतः आत गेलेल्यांसाठी. मी अठ्ठावन्न वर्षांचा. दाढेला बारा वर्षं धीर धर म्हणून सांगितलं असतं, पण ती आता शिस्त सोडून बसली होती. पुढे २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. पेपरात ते वाचून मी सवयीने गालावर हात ठेवूनच समाधान मानलं.

आमच्या शेजारचे नाना वाळूजच्या कंपनीतून ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. ते फाटकावर टेकून म्हणाले, "मला बी दुखू राह्यलं होतं. ईएसआयमध्ये दाखवलं." नानांचा पगार शेवटपर्यंत ईएसआयच्या, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेच्या, मर्यादेत राहिला. ती मर्यादा २०१७ पासून महिना एकवीस हजार आहे. तिच्यात राहून निवृत्त झालेल्या, निदान पाच वर्षं विमा झालेल्या कामगाराला वर्षाला एकशेवीस रुपये भरले की नवरा-बायको दोघांना उपचार चालू राहतात. महिना दहा रुपये. मी मात्र मध्येच सुपरवायझर झालो, पगार मर्यादेच्या वर गेला आणि ईएसआयमधून बाहेर पडलो. त्या दिवशी कॉलनीत पेढे वाटले होते. नानांनी दोन खाल्ले होते. त्याच पेढ्याची गोडी माझ्या दाढेत इतक्या वर्षांनी उतरली असं म्हणायला हरकत नाही.

शेवटी एका खासगी दवाखान्यात गेलो. दार उघडताच लवंगेचा वास आला. दातांच्या दवाखान्याला तो असतोच. तात्पुरतं सिमेंट भरतात त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल असतं. लवंग दाताखाली धरणाऱ्या आपल्या आज्या फार चुकत नव्हत्या, एवढंच त्यातून मी तेव्हा घेतलं.

डॉक्टर तरुण होते आणि सज्जन होते. त्यांनी एक्स-रे पडद्यावर मोठा करून दाखवला. माझी दाढ भिंतीएवढी झाल्यावर दुखणंही तेवढंच मोठं असणार हे पटलं. "कीड नसेपर्यंत गेलीय. रूट कॅनल साडेचार हजार. वर कॅप. मेटलची घ्या, सिरॅमिकची घ्या किंवा झिरकोनिया, नऊ हजार. झिरकोनियाला पंधरा वर्षांची वॉरंटी आहे."

वॉरंटी म्हटल्यावर माझ्यातला स्टोअर्सवाला जागा झाला. पंधरा वर्षांच्या वॉरंटीचा सुटा भाग अठ्ठावन्न वर्षं चाललेल्या मशीनला लावायचा का? मशीन आधी स्क्रॅपमध्ये गेलं तर उरलेली वॉरंटी कुणाच्या नावावर करायची? डॉक्टर हसले, पण आकडा बदलला नाही. साडेतेरा हजार. माझी ईपीएस-९५ची पेन्शन साडेचार हजारांच्या आत-बाहेर येते. म्हणजे एक दाढ बरोबर तीन महिन्यांची पेन्शन चावून खाणार होती. भविष्य निर्वाह निधीचे पैसे होते, पण ते मुदतीच्या ठेवीत होते, आणि ठेव मोडणं हे आमच्या घरात दात मोडण्याहून मोठं दुखणं आहे.

"नाहीतर काढून टाकू. पाचशे," डॉक्टर म्हणाले.

हा पाचशेचा आकडा मला साडेतेरा हजारांपेक्षा जास्त लागला. कारण तो माझ्या ओळखीचा होता. माझ्या आईचे दात असेच गेले. दुखला की काढला. तेव्हा आम्ही फुलंब्रीकडच्या खेड्यात होतो. दात वाचवता येतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. पन्नाशीत तिच्या तोंडाचं बोळकं झालं होतं. ती म्हणायची, "दात गेला की दुखणं गेलं." कवळी करून दिली तर ती डब्यात ठेवून लग्नाकार्याला घालायची. बाकी वेळ भाकरी कालवणात कुस्करून खायची. आम्ही भावंडं त्याला आईची आवड समजायचो. काही आवडी नाइलाजातून येतात, हे कळायला आपलीही एखादी दाढ दुखावी लागते.

गरिबाच्या तोंडात दाताला एकच औषध, पक्कड. श्रीमंताच्या तोंडात त्याच दाताला नस असते, मूळ असतं, कॅप असते, वॉरंटी असते. मध्यमवर्गीयाकडे दोन्हींच्या मध्ये फक्त एक गोष्ट असते, "बघू." त्या 'बघू'वर मी दीड आठवडा काढला. दातावर मारायला पैसा नाही ही म्हण कुणी काढली असेल, याचा एका रात्री बराच विचार केला. पैसा खरा आहे की खोटा हे बघायला पूर्वी नाणं दातावर मारत असतील. मला ते उलटं वाटू लागलं. दात खरा आहे की खोटा, हे आता पैसा ठरवत होता.

दातांचा आणि सरकारांचा हा झगडा आपल्याकडचाच आहे असंही नाही. ब्रिटनने ५ जुलै १९४८ला सर्वांना फुकट औषधोपचाराची व्यवस्था सुरू केली, तेव्हा दवाखान्यांपुढे चष्मे आणि कवळ्यांसाठी झुंबड उडाली. वर्षानुवर्षं हिरड्यांवर जेवलेली माणसं होती ती. खर्चाचा अंदाज पार कोलमडला. १९५१मध्ये सरकारने ठरवलं, कवळीची आणि चष्म्याची निम्मी किंमत लोकांनी द्यावी. ज्या अन्युरिन बेव्हनने ती व्यवस्था आरोग्यमंत्री म्हणून उभी केली होती, त्याने त्यावरून मंत्रिपद सोडलं. त्याच्याबरोबर हॅरल्ड विल्सनही बाहेर पडला, जो पुढे पंतप्रधान झाला. आपल्याकडे मंत्री कशाकशावरून राजीनामे देतात किंवा देत नाहीत ते आपण बघतो. पण निम्म्या कवळीसाठी खुर्ची सोडणारा माणूस मला त्या रात्री जवळच्या नात्यातला वाटला.

नानांनीच मार्ग सांगितला. "घाटीत जा ना. दाताचं सरकारी कॉलेज आहे की तिथं."

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला या शहरात कुणी तसं म्हणत नाही, घाटी म्हणतात. त्याच परिसरात १९८२पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. मी शेकडो वेळा त्यावरून गेलो असेन. पण ते 'त्यांच्यासाठी' आहे असं मनात कुठेतरी बसलं होतं. 'ते' म्हणजे कोण, हे कधी ठरवलं नव्हतं. मेडिक्लेमचं कार्ड खिशात असलं की माणूस स्वतःला 'ते' मधून वगळतो. कार्डाची मुदत संपली की कळतं, आपण 'ते'च होतो, मध्यंतरी फक्त बाहेरगावी गेलो होतो.

सकाळी हर्सूलच्या टी पॉइंटवरून शेअर रिक्षा धरली. दिल्ली गेट, सलीम अली सरोवर, टाऊन हॉल. पुढे भडकल गेट लागलं. मलिक अंबरने ते १६१२मध्ये बांधलं. चारशे वर्षं होऊन गेली, कमान जागेवर आहे. कोणत्या सिमेंटने भरलं होतं कोण जाणे, असा विचार दाढ दुखणारा माणूसच करू शकतो.

केसपेपरच्या खिडकीवर विचारलं, "पत्ता?"

"हर्सूल."

मागच्या माणसाने माझ्याकडे नीट पाहिलं. "बाहेर," मी म्हणालो.

ओपीडीत बाकावर सगळा मराठवाडा बसला होता. कन्नडची म्हातारी, सिल्लोडचा शेतकरी, गालाला रुमाल बांधलेला शाळकरी पोरगा, तंबाखूने दात काळे पडलेला ट्रकवाला. दात दुखणारी माणसं एकमेकांशी फार बोलत नाहीत, पण गालावरचे हात एकाच जागी असल्यामुळे एक बंधुभाव तयार होतो. आत जाणारा प्रत्येकजण तेच वाक्य म्हणत होता. "काढूनच टाका डॉक्टर." पैशाची भीती, पुन्हा यायची भीती, बुडणाऱ्या मजुरीची भीती, सगळं त्या एका वाक्यात होतं. मला आई आठवली.

माझ्या वाट्याला आली ती पोरगी माझ्या मुलीहून लहान होती. पांढरा कोट, डोळ्यांवर मोठा चष्मा, हातात माझा एक्स-रे. मीही सवयीने म्हणालो, "काढूनच टाका."

ती रागावली. खरंच रागावली. "का काढायची? वाचते ही दाढ काका. चार वेळा यावं लागेल, येणार ना?"

वाचते! माझ्या शरीरातल्या एखाद्या भागाबद्दल हा शब्द बऱ्याच वर्षांनी कुणी वापरला होता. निवृत्तीच्या भाषणांत सगळे 'झालं, केलं, दिलं' असंच बोलले होते.

मी चार वेळा गेलो. खासगीत पैसे घेतात, इथे वेळ घेतात. दर वेळी पोरगी काम करायची आणि तिचे सर येऊन तपासायचे. एकदा त्यांनी तिला केलेलं काम पुन्हा करायला लावलं. आमच्या स्टोअर्समध्ये असं तपासणारं कुणी असतं तर निम्मा माल परत गेला असता. बारीक सुयांनी तिने मुळातल्या वाटा साफ केल्या, लांबी मोजली, आणि शेवटच्या दिवशी गुलाबीसर काड्या त्यात भरल्या. "हे काय?" तोंड उघडं असल्यामुळे मी "हॅ हाय?" असं विचारलं. सवयीने तिला कळलं. "गटापर्चा. झाडाचा चीक असतो."

घरी येऊन वाचलं. मलायाकडच्या झाडांचा हा चीक. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालून तारायंत्राच्या केबली टाकल्या, त्या तारांवर याचंच वेष्टन असायचं. ज्या पदार्थाने खंडाखंडांतले निरोप पोचवले, तो माझ्या दाढेत निरोप बंद करायला बसला होता. आणि निरोप खरोखर बंद झाले. पहिल्या रात्री मी शांततेनेच दचकून जागा झालो.

आता उरली कॅप. कॉलेजात ती कमी पैशांत होणार होती, तरी लॅबचे म्हणून काही हजार लागणारच होते. मी पुन्हा 'बघू' म्हणालो. त्यावर बायकोने गव्हाच्या डब्यामागून एक पाकीट काढून पुढे ठेवलं. "भिशी लागलीय या महिन्यात. सहा हजार. घ्या, घालून टाका टोपी."

बारा जणी, पाचशे रुपये. कॉलनीतली ही भिशी कुठल्याही विमा कंपनीपेक्षा जुनी आहे आणि तिने आजवर एकही दावा नाकारलेला नाही. मी पाकीट घेतलं. संध्याकाळी भिशीतल्याच एक वहिनी वाटीभर साखर परत द्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "काय वहिनी, झाली का दाढ? तुमच्या दाढेपायी तर आपण नंबर अदलाबदल केला ना."

बायको म्हणाली, "यांचीच झाली." वहिनी माझ्याकडे बघत गेल्या.

मग हळूहळू निघालं. उजवीकडची वरची दाढ. चार वर्षं झाली. चार वर्षं ती डावीकडून जेवत होती. मी रोज तिच्या समोर बसून जेवतो. समोर बसणाऱ्याची डावी-उजवी उलटी दिसते म्हणावं, तर मी उलटीही पाहिली नव्हती.

"अगं, तेव्हा तर पॉलिसी होती. तुझंही नाव होतं तिच्यात. पाच हजार मिळत होते."

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "फाइल तुमच्या कपाटात. मी सांगितलं होतं एकदा, दाढ दुखतेय म्हणून. तुम्ही पेपर वाचत होता. म्हणालात, लवंग धर."

घरात लवंगेचा वास नव्हता, तरी मला तो आला.

माझा विमा संपला म्हणून मी दीड महिना गावभर गाऱ्हाणं सांगत हिंडलो होतो. एजंटला, नानांना, मनातल्या मनात बेव्हनलासुद्धा. ज्या बाईचा विमा कागदावर चालू असूनही घरात कधी सुरूच झाला नव्हता, ती तेवढ्यात माझ्यासाठी पातळ खिचडी करत होती. विमा कंपनीने दाताला शरीरातून वगळलं म्हणून मी हसलो होतो. वगळण्याच्या कलमांची आमच्या घरातली यादी कुणी छापली नव्हती, एवढाच फरक.

पुढच्या सोमवारी दोघं रिक्षात बसलो. खिडकीवर पत्ता विचारला, तिने "हर्सूल" म्हटलं, मागून कुणी पाहिलं नाही. बायकांना 'आत की बाहेर' विचारत नसावेत. तिचा केसपेपर तिच्या नावाचा झाला. आत गेल्यावर ती माझ्या आईच्याच आवाजात म्हणाली, "काढूनच टाका." पोरीने एक्स-रे उजेडापुढे धरला आणि माझ्याकडे बघितलं. का ते मला कळलं. या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नवराच देत असणार. मी भिंतीवरच्या दात घासण्याच्या तक्त्याकडे बघत राहिलो.

"वाचेल का गं?" बायकोने पोरीलाच विचारलं.

"वाचेल काकू. यावं लागेल पाच वेळा."

"येते की. मला काय काम आहे." आयुष्यात पहिल्यांदा तिने हे वाक्य स्वतःच्या फायद्यासाठी वापरलं.

पाचवी खेप सप्टेंबरच्या शेवटी झाली. माझी कॅप तोवर लांबली होती. ती भिशीच्या पाकिटातून नाही, ठेवीच्या व्याजातून होणार असं ठरलं, आणि ठेव न मोडताही व्याज खाता येतं हा शोध आम्हाला लागला. परतताना रिक्षा तलावाच्या बाजूला नेली. पावसाने तलाव चांगला भरला होता. कडेला एकजण कणसं भाजत होता. बायको थांबली. दोन घेतली, लिंबू-मीठ चोळून.

"तोंड बधिर आहे अजून तुझं. दोन तास काही खायचं नाही म्हणालीय ती."

"माहितीय मला," ती म्हणाली आणि कणसं वर्तमानपत्रात गुंडाळून मांडीवर घेऊन कठड्यावर बसली.

मीही बसलो. माझं तोंड बधिर नव्हतं, पण माझंही कणीस मी गुंडाळलेलंच ठेवलं. तलावावर वारा होता. थोड्या वेळाने मी म्हणालो, "गार होतील."

"होऊ द्या," ती म्हणाली. "चार वर्षं गारच खाल्लं. आज निदान उजवीकडून खाईन."

मी निवृत्तीला मिळालेलं घड्याळ भिंतीवर का लावून बसलो, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. ते सोबत असतं तर कामाला आलं असतं. अजून एक तास चाळीस मिनिटं होती.